खडीची खाण उघडताना: आधी पाणी, मग माती, शेवटी खडी

नवी खाण उघडणाऱ्याला घाई असते ती माल बाहेर काढायची. पोकलेन भाड्याने आलेलं असतं, त्याचे तास मोजले जात असतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात सगळी जागा खरवडून मोकळी केली जाते. मग पाऊस येतो. उघडी माती ओढ्यात जाते, सुपीक थर खालच्या मातीत मिसळतो, आणि तेव्हा चर खणायला जावं तर यंत्र चिखलात रुततं. खडीच्या खाणीचं सगळ्यात न भरून येणारं नुकसान बऱ्याचदा असं पहिला डंपर भरण्याआधीच होऊन गेलेलं असतं. ते टाळायला फार पैसा लागत नाही, कामांचा क्रम मात्र पाळावा लागतो.

हा लेख नदीने जुन्या काळी आणून टाकलेल्या, आता पात्रापासून दूर जमिनीखाली असलेल्या गोटे-वाळूच्या थरांबद्दल आहे. इथे सुरुंग लागत नाहीत, पोकलेन आणि चाळण्या पुरतात. कातळ फोडून खडी करायची असेल तरी पाण्याचे आणि मातीचे टप्पे हेच राहतील. सुरुंगाचा भाग वेगळा शिकावा लागेल. वाहत्या पात्रातून खडी उचलण्याची तयारी मात्र इथे मुद्दामच दिलेली नाही. त्याने पात्र खचतं, पुलांचे पाये आणि काठच्या विहिरी उघड्या पडतात, आणि चांगल्या तयारीने ते टळत नाही.

आधी हाताशी काय हवं

कायदा जागोजागी वेगळा असतो, पण पुढची कागदपत्रं कुठल्या ना कुठल्या नावाने बहुतेक सगळीकडे मागितली जातात:

- जमिनीच्या मालकीचा किंवा भाडेपट्ट्याचा कागद, आणि खुणा जमिनीवर दाखवून घेतलेला हद्दीचा नकाशा
- उत्खननाची परवानगी आणि पर्यावरणविषयक मंजुरी
- पाणी उपसण्याची आणि बाहेर सोडण्याची परवानगी. या बहुधा दोन वेगळ्या असतात आणि दुसरी हमखास विसरली जाते
- झाडं तोडायची असतील तर त्याची, आणि मोठ्या रस्त्याला वाट जोडायची असेल तर त्याची परवानगी
- खाण बंद करताना जागा कशी सोडणार याचा आराखडा आणि त्यासाठीची आर्थिक हमी
- काम सुरू होण्याआधीच्या स्थितीची नोंद: विहिरींची पातळी, ओढ्याच्या पाण्याचा गढूळपणा, आवाज, झाडं, शेजारच्या घरांच्या भिंतींचे तारखेसह फोटो

शेवटची नोंद कुणी मागितली नाही तरी करा. दोन वर्षांनी शेजारची विहीर आटली, तर ती खाणीमुळे आटली की नाही हे ठरवायला तुमच्याकडे आणि शेजाऱ्याकडे दुसरं काहीच नसेल.

साधनांमध्ये लेव्हल किंवा जीपीएस सर्व्हेचं यंत्र, पातळी मोजायची खुणांची फीत, पर्जन्यमापक, गढूळपणा पाहायची पारदर्शक नळी आणि इमहॉफ शंकू एवढं स्वतःचं असावं. इमहॉफ शंकू म्हणजे खाली निमुळता होत जाणारं एक लिटरचं पारदर्शक भांडं. त्यात पाणी तासभर स्थिर ठेवलं की तळाशी किती मिलिलिटर गाळ बसला ते सरळ वाचता येतं.

१. थर किती आहे आणि त्यातला किती मिळणार, ते मोजा

५० ते १०० मीटरच्या चौकटीवर चाचणी खड्डे घ्या. पोकलेनचा हात पोहोचतो तिथपर्यंत खड्डा, त्याखाली बोअर. दर मीटरला नमुना घेऊन चाळणी चाचणी करा. २ मिलिमीटरच्या वरचे खडे आणि गोटे किती, वाळू किती, आणि ०.०६३ मिलिमीटरच्या खालचा बारीक गाळ किती, हे तीन आकडे महत्त्वाचे. गाळ जास्त असेल तर खडी धुवावी लागेल. धुवायची म्हणजे पाणी आणि गाळाची तळी वाढली, आणि कागदावर स्वस्त दिसणारी खाण महाग पडू लागली. उघड्या खड्ड्यात माणूस उतरवू नका, भिंत क्षणात ढासळते. नमुना बादलीतूनच घ्या आणि खड्डा त्याच दिवशी बुजवा.

आता नवख्यांची सगळ्यात महागडी चूक. १०० मीटर बाय १०० मीटरचा तुकडा आणि ६ मीटर खोली म्हणजे ६०,००० घनमीटर, असा सरळ गुणाकार केला जातो. पण चारही बाजूंनी १० मीटरची मोकळी पट्टी सोडली की माथ्यावर ८० बाय ८० उरतात. भिंतींना दोनास एक उतार दिला, म्हणजे २ मीटर आडवं गेल्यावर १ मीटर खाली, तर तळाशी ५६ बाय ५६ उरतात. प्रत्यक्ष आकारमान येतं सुमारे २८,००० घनमीटर, निम्म्याहूनही कमी. त्यातून वरची माती वजा व्हायची आहे ती वेगळीच. ज्याने हिशोब ६०,००० वर मांडला, तो पुढे हमखास मोकळी पट्टी खातो आणि भिंती उभ्या ठेवतो. म्हणून हा आकडा परवानगीचा अर्ज करण्याआधीच खरा काढा, आणि त्यावर धंदा परवडत नसेल तर जागा सोडून द्या.

२. भूजलाचं एक पूर्ण वर्ष मोजा

गोटे-वाळूचा थर हा बहुतेक वेळा त्या भागाचा पाणी साठवणारा थरही असतो. तुम्ही जे काढणार आहात त्यातूनच शेजाऱ्यांच्या विहिरी भरतात.

किमान तीन निरीक्षण विहिरी त्रिकोणात घ्या, एका रेषेत नको. तीन ठिकाणची पातळी एकाच दिवशी मोजली की पाणी कुठून कुठे सरकतंय ती दिशा निघते. दर महिन्याला मोजा, निदान बारा महिने. कोरड्या मोसमातल्या दोन नोंदींवर तळ ठरवणं हा नेहमीचा सापळा आहे. पातळी पावसाळ्यानंतर कित्येक मीटर वर येऊ शकते आणि ‘कोरडी’ म्हणून आखलेली खाण तळं होऊन बसते.

पाण्याखाली खोदायचं नसेल तर तळ वर्षातल्या सर्वात उंच पातळीच्या किमान १ मीटर वर ठेवा. गळालेलं डिझेल किंवा गढूळ पाणी थेट भूजलात जाण्याआधी मध्ये उरणारी गाळणी तेवढीच असते. पाण्याखाली खोदणं भागच असेल तर पंप लावून पातळी उतरवण्याआधी भूजलतज्ज्ञाकडून परिणामाचा हिशोब करून घ्या. खडीतून पाणी इतकं सहज वाहतं की उपशाचा परिणाम दूरवर जातो.

३. काय सोडायचं ते जमिनीवर आखा

नकाशावरच्या रेषा पोकलेनच्या ड्रायव्हरला दिसत नाहीत. सोडायच्या जागांना खांब आणि तार लावा, आणि हे काम यंत्र यायच्या आधी संपवा.

झाड वाचवायचं तर मुळं वाचवावी लागतात. खोडाचा व्यास जमिनीपासून दीड मीटरवर मोजा आणि त्याच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ सोडा. ५० सेंटिमीटर जाड खोडाला ६ मीटर. त्या वर्तुळात खोदाई नको, ढीग नको, डंपरही उभा करायला नको. दाबलेल्या मातीतली मुळं गुदमरतात आणि झाड दोन-तीन वर्षांनी वाळतं, तेव्हा कारण कुणाच्या लक्षातही येत नाही.

नदीकडच्या पट्टीबद्दल जास्त सावध राहा. खाणीचा तळ नदीच्या तळापेक्षा खोल असेल आणि पुरात मधला काठ फुटला, तर नदी खाणीत वळते. वरून वाहत आलेली खडी त्या खड्ड्यात पडून राहते. ओझं उतरलेलं पाणी खालच्या अंगाचं पात्र खरवडतं, आणि वरच्या अंगाला पात्र मागे मागे खचत जातं. हे दुरुस्त करणं जवळपास अशक्य असतं. नियमातलं अंतर हे किमान समजा. जुने नकाशे आणि उपग्रह चित्रं पाहून नदी गेल्या काही दशकांत किती सरकली ते बघा आणि पट्टी त्याहून रुंद ठेवा.

४. पाण्याची वाट आधी बांधा

सगळ्या तयारीत हा टप्पा नेटका झाला तर बाकीच्या चुका निभावून नेता येतात.

पहिलं काम, स्वच्छ पाणी स्वच्छच ठेवायचं. वरच्या अंगाने येणारं पाणी जागेत शिरण्याआधी चराने वळवा. चराचा उतार शंभर मीटरला एक ते दोन मीटर पुरे. जास्त झाला की चर स्वतःच खचून गाळ तयार करतो. उतार जास्त घ्यावाच लागला तर दगडांचे छोटे अडथळे घाला. खालच्या अडथळ्याचा माथा वरच्या अडथळ्याच्या पायाशी समपातळीत यावा, आणि माथा मध्यभागी १५ सेंटिमीटर खोलगट असावा. तो सपाट ठेवला तर पाणी कडेने वाट काढून चराची भिंत कापतं. चर जिथे संपतो तिथे पाणी दगडांवर पसरवून सोडा, शेजाऱ्याच्या बांधावर नाही.

दुसरं काम गढूळ पाण्याचं. जागेच्या आत पडलेलं सगळं पाणी खालच्या कोपऱ्यातल्या गाळतळ्यात आणायचं. ते तळं किती मोठं हवं, हे अंदाजाने ठरवू नका. हिशोब सोपा आहे.

एका हेक्टरवर तासाला १ मिलिमीटर पाऊस म्हणजे तासाला १० घनमीटर पाणी. उघडी जागा २ हेक्टर आहे, पाऊस तासाला ४० मिलिमीटर धरला, आणि त्यातला ६० टक्के वाहून येतो असं मानलं, तर तळ्यात तासाला ४८० घनमीटर पाणी येईल. आता कण किती वेगाने बसतो ते बघा. १८५१ साली स्टोक्सने मांडलेल्या नियमाप्रमाणे ०.०२ मिलिमीटरचा कण साध्या तापमानाच्या स्थिर पाण्यात तासाला साधारण १.३ मीटर खाली जातो. ४८० ला १.३ ने भागलं की सुमारे ३७० चौरस मीटर पृष्ठभाग येतो. पाणी तळ्यात कधीच पूर्ण शांत नसतं, म्हणून वीसेक टक्के वाढवून ४५० धरा: १२ मीटर रुंद, ३८ मीटर लांब. लांबी रुंदीच्या तिप्पट तरी हवी, आणि पाणी एका टोकाने येऊन दुसऱ्या टोकाने जायला हवं. लांबी-रुंदी सारखी असलेल्या तळ्यात पाणी आत येतं आणि कडेकडेने तसंच बाहेर पडतं. खोली दीड ते दोन मीटर ठेवा, पण नीट लक्षात घ्या: कण बसण्यासाठी पृष्ठभाग लागतो, खोली ही बसलेल्या गाळाला जागा म्हणून. लहान तळं खोल केलं की काम भागतं, हा समज चुकीचा आहे.

चिकणमातीचा प्रश्न वेगळा. ०.००२ मिलिमीटरचा कण दहापट बारीक, म्हणून शंभरपट सावकाश बसतो: दिवसाला सुमारे ३० सेंटिमीटर. कुठलंच परवडणारं तळं त्याला वाहत्या पाण्यात पकडू शकत नाही. तुमच्याकडे तो किती आहे हे आधीच पाहा. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, खडखडून हलवा आणि ठेवा. वाळू मिनिटाभरात बसते, गाळाला काही तास लागतात. दुसऱ्या दिवशीही पाणी दुधाळ असेल तर ते पाणी बाहेर सोडायचंच नाही असा आराखडा करा: साठवा, रस्त्यावर मारा, खडी धुवायला पुन्हा वापरा. कण एकत्र आणणारी रसायनं हा शेवटचा उपाय. बरणीत मात्रा ठरवल्याशिवाय ती ओतू नका, आणि धनभारित पॉलिमर टाळा. ते माशांच्या कल्ल्यांना चिकटतात.

तळ्याला दगडांनी मढवलेला सांडवा हवाच. मोठा पाऊस हिशोबापेक्षा जास्त पडणार आहे. तेव्हा पाणी सांडव्यावरून जावं, बांध फोडून नव्हे. एक तृतीयांश जागा भरली की गाळ काढा. तळ्यात एक रंगवलेली काठी रोवून ठेवली तर हे लांबूनही दिसतं.

गाळ अडवणारं कापड जागेच्या खालच्या कडेला, समपातळीने लावा. खालची कड १५ सेंटिमीटर मातीत पुरा, खांब दोन मीटरवर. कापड नुसतं टेकवून ठेवलं तर पाणी खालून जातं. आणि ते ओढ्यात आडवं लावणं व्यर्थ. पहिल्या लोंढ्यात वाहून जातं.

५. रस्ता

आतल्या रस्त्याचा चढ दहास एकपेक्षा जास्त नको. दुहेरी वाहतुकीला सगळ्यात रुंद वाहनाच्या साडेतीनपट रुंदी, एकेरीला दुप्पट. खोल बाजूला मातीचा बांध घाला: सर्वात मोठ्या चाकाच्या निम्म्या उंचीचा, पण दीड मीटरपेक्षा कमी नाही. रस्ता कडेला दोन-तीन टक्के उतरता ठेवा आणि ते पाणी गाळतळ्याकडेच जाईल असं बघा. खाणीतला सर्वात गढूळ लोंढा रस्त्यावरून येतो. वेग ताशी २० किलोमीटरवर बांधला की धूळ खूपच कमी होते. पाणी मारताना हलक्या हाताने, वारंवार मारा. एकदम मारलेलं पाणी धुळीचा चिखल करतं. चाकं धुवायची जागा फाटकाला चिकटून ठेवू नका. तिथून फाटकापर्यंत निदान ३० मीटर पक्का रस्ता हवा, म्हणजे ओल्या चाकांचं उरलेलं पाणी आणि चिखल आतच पडतो.

६. डिझेल आणि तेल

टाकीभोवती अभेद्य हौद बांधा, टाकीच्या ११० टक्के मावेल एवढा. टाक्या अनेक असतील तर सर्वात मोठीच्या ११० टक्के किंवा एकूण साठ्याच्या २५ टक्के, यातलं जे जास्त असेल ते. हौदाच्या तळाला नळ नको. तो कुणीतरी उघडा ठेवतो. साचलेलं पावसाचं पाणी वेळोवेळी काढा, नाहीतर गळतीच्या दिवशी हौदात जागाच नसते. इंधन भरायची जागा पक्क्या फरशीची असावी, ओढ्यापासून किमान १० मीटर आणि विहिरीपासून ५० मीटर लांब. तेल शोषणारं साहित्य पोकलेनवरही ठेवा, कारण हायड्रॉलिक होज फुटतो तो खड्ड्यात, ऑफिसजवळ नाही.

७. माती काढणं

आता कुठे माती. चर, तळं आणि रस्ता तयार असल्याशिवाय एक बादलीही उचलू नका.

वरची सुपीक माती साधारण १५ ते ३० सेंटिमीटर असते, पण ती मोजून घ्या. रंग आणि मुळं बदलतात तिथे ती संपते. ती वेगळी, त्याखालची माती वेगळी, आणि खडीच्या वरचा निकामी थर, म्हणजे ओव्हरबर्डन, वेगळा. तीन ढीग, तीन पाट्या. एकदा मिसळलेली माती पुन्हा वेगळी होत नाही, आणि बंद झालेल्या ज्या खाणींवर नुसतं काटेरी झुडूप उगवतं तिथे बहुधा हेच झालेलं असतं.

ओली माती काढू नका. चिमूटभर माती तळहातावर वळा. ३ मिलिमीटर जाडीची वळी न तुटता वळली तर माती फार ओली आहे, थांबा. तुटून भुगा झाला तर काम करा. ओल्या मातीवरून डंपर गेला की तिच्यातली हवेची जागा मिटते. पोकलेन वरच्या मातीवर उभं राहून मागे सरकत काढतं, डंपर मात्र उघड्या पडलेल्या खालच्या थरावरूनच चालवा. डोझरने ढकलत नेलेली माती दाबली जाते आणि मिसळते, म्हणून शक्यतो तो वापरू नका.

सुपीक मातीचा ढीग २ मीटरपेक्षा उंच नको. उंच ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही आणि मातीतले जीव मरतात. जागेचा हिशोब इथेही करा: १ हेक्टरवरची २० सेंटिमीटर माती म्हणजे २,००० घनमीटर, सैल झाल्यावर सुमारे २,५००. पाया १२ मीटर, माथा ४ मीटर, उंची २ मीटर असा ढीग केला तर त्याची लांबी १५६ मीटर होते, आणि तो जवळपास १,९०० चौरस मीटर, म्हणजे हेक्टरचा पाचवा हिस्सा व्यापतो. ही जागा आधी राखली नाही की ढीग चार मीटर उंच होतात किंवा झाडांच्या बुंध्याशी जातात. ढीग सहा महिन्यांहून जास्त राहणार असेल तर स्थानिक गवत पेरा. आणि बाहेरून येणारं प्रत्येक यंत्र आत घेण्याआधी धुवा. साखळ्यांमध्ये अडकलेल्या मातीतून उपद्रवी तणांचं बी येतं.

८. आवाज आणि पक्षी

अंतर दुप्पट केलं की एका यंत्राचा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणून चाळण्या आणि क्रशर घरांपासून लांब, शक्यतो खाली तळात ठेवा, आणि मातीचे ढीग त्यांच्या आणि घरांच्या मध्ये घाला. तीच माती आडोशाचं कामही करते.

वेडा राघू, खंड्या असे पक्षी मऊ मातीच्या उभ्या कड्यांत बीळ करतात, आणि ताजा कापलेला ढीग त्यांना अगदी हवा तसा असतो. विणीच्या हंगामात वापरायचे ढीग रोज संध्याकाळी उतरते करून ठेवा. वापरात नसलेला एखादा उभा कडा मात्र त्यांच्यासाठी सोडा. तिथे बिळं झाली तर हंगाम संपेपर्यंत तो भाग बंद ठेवायचा, हे ड्रायव्हरपासून मालकापर्यंत सगळ्यांना माहीत हवं.

९. पहिला कप्पा

जागा कप्प्यांत वाटा आणि एका वेळी वर्षभर पुरेल एवढीच उघडा. दुसऱ्या कप्प्याची माती काढाल तेव्हा ती ढिगावर न नेता थेट पहिल्या कप्प्याच्या संपलेल्या भागावर पसरा. एकदाच उचललेली माती सगळ्यात जिवंत राहते, आणि दुसऱ्यांदा हलवायचं डिझेलही वाचतं.

पहिला मोठा पाऊस पडेल तेव्हा पाऊस चालू असताना जागेवर फिरा, थांबल्यावर नाही. पाणी कुठे चर सोडून जातंय, सांडव्याच्या कडा झिजतायत का, फाटकाबाहेर गढूळ ओघळ जातोय का, हे तेव्हाच दिसतं. तळ्याच्या बाहेरच्या पाण्याचा आणि ओढ्याच्या वरच्या अंगाचा असे दोन नमुने घ्या, शंकूत तासभर ठेवा, वाचन वहीत तारखेसह लिहा. ओढ्याच्या पाण्यापेक्षा तुमचं पाणी जास्त गाळ दाखवत असेल, तर खोदाई थांबवून आधी तळं दुरुस्त करा.